मेंदूतील गाठ पुन्हा का येते?

आपल्या ट्रस्टच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा शास्त्रीय लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा विषयासाठी आम्हांस फार दूर जावे लागले नाही. वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी मदत मागणारा अर्ज अधूनमधून असतोच. आणि अशा घरी समाचारास गेले असता एक प्रश्न हटकून ऐकू येतो. "डॉक्टरांनी गाठ काढली म्हणून सांगितले होते, मग ती परत आली कशी?"

ह्या प्रश्नामागे दुःख असते, तसा पुष्कळदा संशयही असतो. कोणी म्हणतो, शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात चुकला. कोणी म्हणतो, पथ्य मोडले. कोणी नजर लागली म्हणतो. आणि घरातील एखादी माउली आपल्याच कुठल्याशा हयगयीमुळे हे झाले, असे मनाशी धरून झुरत बसते. ह्यांपैकी एकही उत्तर बरोबर नाही. खरे उत्तर शास्त्राला गेल्या काही दशकांत थोडेथोडे सापडू लागले आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचा धागा म्हणजे पेशीतील 'मायक्रो-आरएनए' नावाचे अतिसूक्ष्म रेणू. नाव अवघड असले तरी वस्तू समजण्यास अवघड नाही. थोडा धीर धरून आमच्याबरोबर चालावे, एवढीच वाचकांस विनंती.

गाठीचे प्रकार

मेंदूतील गाठी दोन तऱ्हेच्या असतात. काही मेंदूतच जन्म घेतात. काही फुप्फुस, स्तन अशा दुसऱ्या अवयवातील कर्करोगाच्या पेशी रक्ताबरोबर वाहत येऊन मेंदूत रुजल्यामुळे होतात. प्रौढ माणसांत ही दुसरी तऱ्हाच अधिक आढळते. मेंदूत जन्मणाऱ्या गाठींतही काही सौम्य असतात. त्या एकदा काढल्या की बहुधा प्रश्न मिटतो. परंतु प्रौढांत मेंदूतच उपजणाऱ्या घातक गाठींत जी सर्वांत अधिक आढळते, ती 'ग्लायोब्लास्टोमा' ही गाठ फार चिवट. मेंदूतील ज्ञानतंतूंच्या पेशींना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण सांभाळणाऱ्या ज्या 'ग्लाया' जातीच्या पेशी आहेत, त्यांच्याशी तिचे नाते आहे. वर दिलेला प्रश्न बहुतेक वेळा हिच्याच संबंधात विचारला जातो. म्हणून ह्या लेखात मुख्यतः हिचाच विचार करू.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य आहे. ही गाठ संसर्गाने होत नाही. रोग्याच्या ताटात जेवल्याने ती कोणास लागत नाही. थोड्या कुटुंबांतील आनुवंशिक दोष आणि पूर्वी डोक्यास मिळालेला तीव्र किरणोत्सर्ग ही कारणे सिद्ध झालेली आहेत. पण बहुसंख्य रोग्यांत असे कोणतेही कारण सापडत नाही. म्हणजे दोष देण्यास माणूस शोधू नये, हेच उत्तम.

दप्तर, नक्कल आणि चिठ्ठी

आता पेशीच्या आत डोकावू. आम्ही शाळामास्तर, तेव्हा उपमा शाळेतलीच देतो.

मुख्याध्यापकांच्या कचेरीत एक कपाट असते व त्यात शाळेचे मूळ दप्तर कुलपात ठेवलेले असते. ते कोणी वर्गावर घेऊन जात नाही. जी बाब लागेल तेवढ्या बाबीची नक्कल काढावयाची, ती शिपायाने वर्गावर न्यावयाची, आणि शिक्षकाने ती वाचून त्याप्रमाणे काम करून घ्यावयाचे, अशी वहिवाट. पेशीचा कारभार असाच चालतो. पेशीकेंद्र ही कचेरी आणि डीएनए हे मूळ दप्तर. त्यातील एकेका कलमास जनुक म्हणतात. प्रथिने कशी बनवावीत हे सांगणारी सुमारे २०,००० कलमे माणसाच्या ह्या दप्तरात आहेत. कलमाची जी नक्कल निघते, ती आरएनए ह्या द्रव्याची असते. तिला 'संदेशवाहक आरएनए' म्हणतात. नक्कल केंद्राबाहेर येते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. पेशीची वाढ, विभागणी, हालचाल, इतकेच काय तिचे मरणसुद्धा, ह्या प्रथिनांच्या हातून घडते.

पण समजा, नक्कल वर्गावर पोहोचली आणि मागाहून कचेरीतून एक लहानशी चिठ्ठी आली की, 'मघाची सूचना रद्द समजावी.' मग शिक्षक ती सूचना बाजूस ठेवतो किंवा फाडून टाकतो. पेशीमध्ये हेच काम मायक्रो-आरएनए करतात. संदेशवाहक आरएनए हजारो अक्षरांचा असू शकतो. ही चिठ्ठी मात्र अवघ्या २२ अक्षरांच्या आसपास. ती तयार होण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. प्रथम दप्तरातून एक लांब पट्टी निघते आणि ती केसांत खोवावयाच्या आकड्यासारखी स्वतःवरच दुमडते. मग 'ड्रोशा' आणि 'डायसर' नावाची दोन विकरे, एक केंद्राच्या आत व दुसरे बाहेर, कात्रीप्रमाणे तिला कापून आखूड करतात. उरलेला तुकडा 'आर्गोनॉट' नावाच्या प्रथिनाच्या मुठीत बसतो, आणि त्याच्याबरोबर आपल्या जोडीची अक्षरे शोधीत फिरतो. अक्षरे जुळली की त्या संदेशाचे वाचन थांबते व बहुधा तो संदेश नष्टही होतो.

येथे एक मौज आहे. चिठ्ठीची सगळी अक्षरे जुळावी लागत नाहीत. सुरुवातीची सहा-सात जुळली तरी पुष्कळदा काम भागते. त्यामुळे एकच चिठ्ठी शेकडो निरनिराळ्या सूचनांस आवर घालू शकते, आणि एकाच सूचनेवर अनेक चिठ्ठ्यांचा अंमल असू शकतो. हे ध्यानी ठेवावे. पुढे जी आशा आणि जो धोका सांगावयाचा आहे, ती दोन्ही ह्यातूनच निघतात.

एका कृमीपासून शिकलेला धडा

ह्या चिठ्ठ्यांचा शोध मेंदूत लागला नाही, तसा रुग्णालयातही लागला नाही. तो लागला मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत. ह्या कृमीचे एक विकृत वाण शास्त्रज्ञांच्या पाहण्यात होते. त्याच्या पेशी वयात येतच नसत. बाल्यावस्थेतील पायऱ्या पुन्हा पुन्हा चढत बसत. वर्ग तोच, धडा तोच. पुढील इयत्तेत जाणे नाही! अमेरिकेतील व्हिक्टर अँब्रोस आणि त्यांच्या सहकारी रोझलिंड ली व रोंडा फाइनबॉम यांनी ह्या विकृतीच्या मुळाशी असलेले जनुक शोधून काढले, तेव्हा त्यातून प्रथिन मुळीच बनत नसून केवळ २२ अक्षरांचा आरएनए निघतो, असे दिसले. तिकडे गॅरी रुव्कुन यांनी दाखविले की, हा तुकडा दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशास चिकटून त्याला गप्प करतो. दोघांचे निबंध १९९३ साली एकाच वेळी प्रसिद्ध झाले.

कृमीतील एक विक्षिप्त प्रकार, म्हणून पुष्कळांनी तिकडे दुर्लक्ष केले. पण २००० साली रुव्कुन यांच्या प्रयोगशाळेने अशाच एका दुसऱ्या चिठ्ठीचा माग घेतला, तो माशीपासून माणसापर्यंत सर्वत्र ती तशीच असल्याचे आढळले. २००१ साली ह्या रेणूंस मायक्रो-आरएनए हे नाव मिळाले. आज माणसात अशा हजाराहून अधिक चिठ्ठ्या ठाऊक आहेत. अँब्रोस आणि रुव्कुन यांस २०२४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते ह्याच कामगिरीबद्दल.

त्या कृमीची गोष्ट एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, योग्य वेळी योग्य चिठ्ठी न मिळाल्यास पेशी प्रौढ होत नाही, नुसती विभागत राहते, हा धडा तिनेच प्रथम दिला. कर्करोग म्हणजे तरी दुसरे काय?

आवरणारे गप्प झाले

मायक्रो-आरएनएंना नावांऐवजी क्रमांक आहेत. ते साधारणपणे शोध लागल्याच्या अनुक्रमाने पडले, हजेरीपटातील नंबरांसारखे. ते पाठ करण्याचे कारण नाही. कोण काय करतो तेवढे पाहावे.

निरोगी मेंदूत जो विपुल आढळतो, तो क्रमांक १२४. पेशीने ज्ञानतंतूची पेशी व्हावे आणि तशीच राहावे, ही त्याची कामगिरी. २००५ साली एक प्रयोग झाला. मेंदूशी काही संबंध नसलेल्या मानवी पेशींत ही एकच चिठ्ठी घातली, तेव्हा शंभरांहून अधिक जनुकांचे संदेश मंदावले आणि पेशीचा एकंदर कारभार मेंदूच्या वळणावर जाऊ लागला. ग्लायोब्लास्टोमात हीच चिठ्ठी फार कमी झालेली असते. तिच्या जोडीला क्रमांक १३७ सुद्धा. ह्या दोन चिठ्ठ्या गाठीच्या पेशींत प्रयोगशाळेत परत घातल्या, तेव्हा पेशींची विभागणी थांबली, इतकेच नव्हे तर गाठीचे बीज समजल्या जाणाऱ्या मूळपेशी पोक्त होऊ लागल्या, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. पुढील इयत्तेत न जाणाऱ्या मुलास कोणी हात धरून वर चढवावे, तसे हे झाले.

क्रमांक ७ चे काम निराळे. पेशीच्या बाहेरील अंगास 'वाढ' असा हुकूम ऐकणारे कान असतात. त्यांतील एक महत्त्वाचा कान ह्या गाठीत पुष्कळदा प्रमाणाबाहेर वाढलेला असतो. तो कान बनविण्याच्या सूचनेवर क्रमांक ७ चा लगाम असतो, आणि गाठीत नेमका तोच लगाम सैल झालेला असतो. क्रमांक ३४ ह्याला पेशीतील प्रसिद्ध पहारेकरी प्रथिन 'पी-५३' कामास लावते. दप्तरास इजा झाली की विभागणी थांबवावी, हा त्याचा निरोप. पहारेकरीच जायबंदी झाला, म्हणजे निरोप नेणाराही थंडावतो.

राखणदारांची तोंडे बंद

ह्याच्या उलट काही चिठ्ठ्या गाठीत बेसुमार वाढलेल्या असतात. त्यांत क्रमांक २१ अग्रेसर. बिघडलेल्या पेशीने आपण होऊन मरावे, अशी निसर्गाची योजना आहे. आपल्या शरीरात हे रोज घडत असते. क्रमांक २१ ही मृत्यूची सूचनाच रद्द करतो. २००५ साली ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींतील हा रेणू निकामी करून पाहिला, तेव्हा त्या पेशी मरू लागल्या. पेशीची वाढ आवरणाऱ्या काही प्रथिनांच्या सूचनाही तो दडपतो.

क्रमांक १०-ब ह्याची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. निरोगी मेंदूत तो जवळजवळ नसतोच. ग्लायोब्लास्टोमात मात्र भरपूर असतो. परक्या वर्गातील मुलगा येऊन पुढच्या बाकावर बसावा, तसा. म्हणूनच त्यास लक्ष्य करावे, अशी संशोधकांस आशा वाटते. त्याला गाठले तर निरोगी मेंदूचे नुकसान कमी होईल.

ह्यावरून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आली असेल. गाठ हा बाहेरून आलेला शत्रू नव्हे. अक्षरे आपलीच, कागद आपलाच, कचेरीही आपलीच. कोणती सूचना चालू ठेवावी आणि कोणती रद्द करावी, ह्या कारभाराचा तोल गेलेला, एवढेच. आणि म्हणूनच ती ओळखणे व मारणे इतके कठीण.

वाढ की वाटचाल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९२८ साली अमेरिकेतील विख्यात शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी यांनी अशा गाठीने ग्रासलेल्या काही रुग्णांचा मेंदूचा उजवा अर्धगोल काढून टाकण्याचे धाडस केले. गाठ एका बाजूस आहे. ती बाजूच नाहीशी केली म्हणजे रोग संपेल, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. अर्धा मेंदू काढूनही रोग दुसऱ्या अर्ध्यात परतला. म्हणजे शस्त्र लागण्यापूर्वीच काही पेशी पलीकडे पोहोचलेल्या होत्या.

त्या कशा जातात? ग्लायोब्लास्टोमा मेंदूबाहेर क्वचितच पसरतो. पण मेंदूच्या आत तो फार दूरवर जातो. त्याच्या पेशी एकेकट्या सुटतात, आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने किंवा मेंदूच्या दोन भागांस जोडणाऱ्या तंतूंच्या वाटेने सरकत जातात. वाटेत पेशींपेशींमध्ये जे भरण असते, ते विरघळविणारी विकरे त्यांच्यापाशी असतात. निरोगी स्थितीत ह्या विकरांवर दोन-तीन प्रथिनांचा पहारा असतो. २००८ साली असे दिसून आले की, आपला क्रमांक २१ ह्या पहारेकऱ्यांच्याही सूचना दडपतो. म्हणजे जो पेशीस मरू देत नाही, तोच तिला वाटही मोकळी करून देतो.

पण पेशी घर सोडते केव्हा? ह्याचे एक सुंदर उत्तर २०१० साली मिळाले, ते क्रमांक ४५१ च्या अभ्यासातून. पेशीचे मुख्य अन्न साखर. साखर मुबलक असते तेव्हा क्रमांक ४५१ चे प्रमाण वाढते, आणि पेशी जागच्या जागी विभागत राहते. गाठ मोठी होऊन मध्यभागी रक्त पोहोचेनासे झाले, साखर कमी पडली, की क्रमांक ४५१ उतरतो. मग पेशी विभागणे थांबवते, काटकसरीने जगू लागते आणि चालू लागते. दुष्काळ पडला म्हणजे माणसे बिऱ्हाड पाठीवर टाकून पाण्याच्या मुलखाकडे निघतात, तसेच हे. चांगल्या जागी पोहोचल्यावर साखर मिळते, क्रमांक ४५१ पुन्हा चढतो, आणि तेथे नवी वस्ती वाढू लागते.

यावरून कोणी साखर सोडून गाठ बरी करण्याचा विचार मात्र करू नये. रक्तातील साखर शरीर स्वतः राखते, आणि मेंदूचे सारे काम तिच्यावर चालते. रोग्यास उपाशी ठेवणे म्हणजे त्याची शक्ती हिरावून घेणे होय.

पेशीबाहेर गेलेल्या चिठ्ठ्या

शास्त्रज्ञांस आणखी एक आश्चर्य पाहावयास मिळाले. गाठीच्या पेशी ह्या चिठ्ठ्या स्वतःपुरत्याच ठेवीत नाहीत. सूक्ष्म पुड्यांत बांधून बाहेर सोडतात. ग्लायोब्लास्टोमाच्या अशा पुड्या रक्तवाहिन्यांच्या पेशी गिळतात आणि त्यांस नवीन वाहिन्या काढण्याची चालना मिळते, असे २००८ साली सिद्ध झाले. म्हणजे गाठीस रसद पोहोचविणारे रस्ते निरोगी पेशीच बांधून देतात. २०१६ साली तर ह्या पुड्या मेंदूतील रखवालदार पेशींत शिरताना प्रत्यक्ष पाहण्यात आल्या, आणि त्यांतून क्रमांक २१ व ४५१ पोहोचविले जातात असे आढळले.

दुसऱ्या अवयवांतून मेंदूत येणाऱ्या कर्करोगातही हाच प्रकार चालतो. रक्त आणि मेंदू यांमध्ये एक पक्की भिंत आहे. रक्तातील हरएक वस्तूस ती आत येऊ देत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी क्रमांक १८१-क असलेल्या पुड्या पाठवून ह्या भिंतीचे सांधे ढिले करतात, आणि क्रमांक १२२ पाठवून तेथील निरोगी पेशींचे साखर खाणे कमी करतात, म्हणजे नव्या पाहुण्यास ती शिल्लक राहावी. ही दोन्ही निरीक्षणे २०१५ साली प्रसिद्ध झाली. स्वारी येण्यापूर्वी हेर पुढे पाठवावेत, असाच हा डाव. हे पुष्कळसे प्रयोग पात्रातील पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहेत, हे मात्र वाचकांनी विसरू नये.

मुलांच्या गाठी

मुलांच्या मेंदूतील गाठी मोठ्यांच्या गाठींहून निराळ्या, आणि त्यांच्या बाबतीत ह्या विद्येचा उपयोग आजच होऊ लागला आहे. अगदी लहान, बहुधा चार वर्षांखालील मुलांत क्वचित आढळणारी एक घातक गाठ आहे. तिच्यात एकोणिसाव्या गुणसूत्रावरील चाळिसांहून अधिक मायक्रो-आरएनएंचा एक सबंध गठ्ठा प्रमाणाबाहेर वाढलेला असतो. एरवी हा गठ्ठा मुख्यतः गर्भाच्या वारेत जागा असतो आणि जन्मानंतर त्याने निजावयाचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली गाठींची जी वर्गवारी केली, तीत ह्या गठ्ठ्याचा बिघाड ही त्या गाठीची एक ओळखच ठरविली आहे.

लहान मेंदूत होणारी 'मेड्युलोब्लास्टोमा' ही गाठ त्या मानाने अधिक परिचित. हिचे चार मुख्य पोटभेद आहेत. त्यांपैकी एकातील बहुतेक मुले उपचारांनी बरी होतात, तर दुसऱ्या काहींत रोग फार उग्र असतो. कोणाचा पोटभेद कोणता, हे कळले तर कोणास तीव्र उपचार द्यावयाचा आणि कोणास सौम्य, हे ठरविणे सोपे जाते. ह्या बाबतीत आपल्या जवळचेच एक उदाहरण देण्यास आम्हांस आनंद वाटतो. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची जी 'ॲक्ट्रेक' ही संशोधनसंस्था आहे, तेथील संशोधकांनी ह्या गाठीच्या सौम्य पोटभेदात काही ठरावीक मायक्रो-आरएनए फार वाढलेले असतात, असे २०१० साली दाखविले. आणि २०१३ साली मायक्रो-आरएनए व इतर काही जनुके मोजून पोटभेद ओळखण्याची एक कसोटी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणात जतन करून ठेवण्याची पद्धत आहे. अशा जुन्या तुकड्यात मोठ्या संदेशांचे तुकडे तुकडे होतात, परंतु ही चिठ्ठी मुळातच आखूड असल्यामुळे ती टिकून राहते. म्हणून मेणातील तुकड्यावरही ही कसोटी चालते. लहानपणाचा असाही उपयोग!

औषध कोठवर आले

गप्प झालेली चिठ्ठी परत घालावी, आणि माजलेल्या चिठ्ठीस उलट अक्षरांची जोड चिकटवून निकामी करावे, ही कल्पना ऐकण्यास सोपी. तिची वाट मात्र काट्याची आहे. क्रमांक ३४ ची नक्कल मेदाच्या पुडीत भरून कर्करोगाच्या रोग्यांस देण्याचा पहिला प्रयोग २०१३ साली सुरू झाला. त्यात शरीराच्या प्रतिकारशक्तीची फार तीव्र प्रतिक्रिया होऊन चार रोगी दगावले, आणि २०१६ साली प्रयोग थांबवावा लागला. एक चिठ्ठी शेकडो सूचनांवर चालते, असे वर सांगितले ते ह्याचसाठी. जेथे रद्द व्हावयास नको, तेथेही ती रद्द करू शकते. शिवाय मेंदूत पोहोचावयाचे तर ती पक्की भिंत ओलांडावी लागते; एवढे मोठे रेणू ती सहजासहजी आत सोडीत नाही.

मायक्रो-आरएनएवर आधारलेले मेंदूतील गाठीचे कोणतेही मान्यताप्राप्त औषध आज उपलब्ध नाही. रक्तातील पुड्या तपासून रोग ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण तीही नित्याची तपासणी झालेली नाही. तेव्हा 'जनुके दुरुस्त करून गाठ जिरवितो' अशी जाहिरात कोणी आपल्या दारी आणली, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे; पैसे देऊ नयेत.

प्रश्नाचे उत्तर

तर गाठ परत का येते? कारण शस्त्रवैद्य डोळ्यांना आणि यंत्राला दिसणारी गाठ काढतो; एकेकटी वाट चालून गेलेली पेशी त्याला दिसत नाही, आणि ती शोधण्यासाठी मेंदू खरवडीत जाणे म्हणजे रोग्याची वाचा, हातपाय, स्मरण गमावणे होय. जो वैद्य गाठ काढून थांबतो, तो बहुधा शहाणपणानेच थांबतो. त्याचा हात चुकला नाही. घरातल्या कोणाची हयगय झाली नाही.

ह्या उत्तरातून एक व्यवहाराची गोष्ट निघते, आणि तीच आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ कुटुंबे 'गाठ तर काढली' म्हणून पुढील उपचार अर्धवट सोडतात. वास्तविक शस्त्रक्रियेनंतरचे किरण आणि गोळ्या ह्या त्या वाट चुकविलेल्या पेशींसाठीच असतात. युरोप व कॅनडातील ५७३ रोग्यांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, नुसते किरण घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनंतर शेकडा १० हयात होते. किरणांबरोबर 'टेमोझोलोमाइड' ह्या गोळ्या घेतलेल्यांत हे प्रमाण शेकडा २६ होते. आकडे लहान आहेत, ते लपविण्यात अर्थ नाही. पण ज्या घरात त्या सव्वीसांपैकी एक जण असतो, त्या घरास ते लहान वाटत नाहीत.

किरणांचा पूर्ण क्रम बहुधा सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, असा चालतो. आपल्या गावच्या माणसास त्यासाठी मोठ्या शहरात बिऱ्हाड करावे लागते. बरोबर एक माणूस लागतो. दोघांचा रोजगार बुडतो. शस्त्रक्रियेचा खर्च दिला की मदत पुरी झाली, असे समजण्याचा आपला परिपाठ आहे. ट्रस्टच्या विश्वस्तांस आमची नम्र सूचना अशी की, ह्या महोत्सवी वर्षापासून त्या सहा आठवड्यांच्या राहण्याजेवण्याचाही विचार निधीने करावा. गाठ काढण्याइतकेच ते महत्त्वाचे आहे; का, ते आता वाचकांस कळले आहे.

आणि सर्वांसाठी एक सूचना. डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे. बहुतेक डोकेदुखीची कारणे साधीच असतात. परंतु पहाटे उठताना वाढणारी व वांतीसह येणारी नवी डोकेदुखी, प्रौढ वयात प्रथमच आलेली आकडी, एका बाजूची वाढती दुर्बलता, बोलण्यात किंवा स्वभावात पडलेला न उमगणारा फरक, ह्यांपैकी काही दिसल्यास मेंदूच्या डॉक्टरांकडे विनाविलंब जावे. आकडी आलेल्यास कांदा हुंगवीत बसू नये.

आमच्या घरी वडीलधारी माणसे म्हणत, दवाही करावी आणि दुआही करावी. त्यांत आम्ही एवढीच भर घालतो की, एकीच्या जागी दुसरीस बसवू नये. आणि ज्याच्यावर हा प्रसंग आला आहे, त्याच्या घरच्यांस दोष देण्यात आपली जीभ शिणवू नये. त्यांच्या दारी गेलो, तर पुढच्या आठवड्यात किरणांसाठी त्यांच्याबरोबर कोण जाणार आहे, एवढे विचारावे.